अप्पांची उलटी पावले

रेवा, परवा व्हिडिओ कॉलवर तू मध्येच ओरडलीस, "आजी, तुझ्या मागे रस्त्यावर एक माणूस उलटा चालतोय!" ईशान ते पाहून इतका हसला की खुर्चीसकट कलंडला. मी उत्तर देणार तेवढ्यात इकडची वीज गेली. ते उत्तर आता लिहून पाठवते. लिहिलेलेच बरे. फोनवर बोलताना मला धाप लागते, आणि तुम्ही दोघे एकाच वेळी बोलता.

तो माणूस म्हणजे आमचे शेजारी अप्पा. ते चोर नाहीत, वेडे नाहीत आणि ईशानला वाटले तसे भूतही नाहीत. भुतांची पावले उलटी असतात असे आपल्याकडे म्हणतात खरे, पण भुते धोतर नेसून, टोपी घालून, नळाला पाणी यायच्या वेळेस फिरायला निघत नाहीत. अप्पा निघतात. गल्लीच्या तोंडापासून रफिकभाईंच्या किराणा दुकानापर्यंत पाठमोरे जातात आणि पाठमोरेच परत येतात. दोन्ही हात पुढे धरलेले असतात, जसे काही समोर कोणी आहे. एकदा त्यांची पाठ एका म्हशीला लागली. दोघांनीही माफी मागितली नाही.

रफिकभाई तराजू पुसता पुसता रोज तेच विचारतात, "अप्पासाब, रिव्हर्समें अटक गये क्या?"

अप्पांचेही उत्तर ठरलेले. "गेअर तुमच्या टेंपोला, भाई. आमी बैलगाडीवाले."

खरी गोष्ट अशी की अप्पा टँगो शिकले आहेत. हो, तोच टँगो. दूरदेशीचा नाच, ज्यात दोघे एकमेकांसमोर उभे राहून, एकमेकांना धरून नुसते चालतात. तुम्ही तिकडे पाहिला असेल. आमच्या सेलूत तो कोणी पाहिला नव्हता, आणि पाहिल्यावरही कोणाला पटला नाही. अप्पा त्याला टँगो म्हणत नाहीत. ते म्हणतात "जोडचाल". त्याचे संगीत मोबाईलवर पहिल्यांदा लागले तेव्हा त्यांनी मोबाईल कानाला लावून ते ऐकले. मग म्हणाले, "पेटीच हाय. पन पेटीला सर्दी झालीय."

आता सगळे क्रमाने सांगते, नाहीतर तुम्ही मध्येच प्रश्न विचाराल.

अप्पा मूळचे बोरीचे. तिथे त्यांची शेती आहे, ती आता पुतणे करतात. उतारवयात ते आणि त्यांची बायको कौसल्या सेलूत आमच्या भिंतीला भिंत लागून राहायला आले. बोरीत अप्पांची दोन गोष्टींसाठी ख्याती होती. एक त्यांची बैलजोडी, आणि दुसरी त्यांची घाई. लग्नात अक्षता पडण्याआधी हा माणूस पंगतीत जाऊन बसलेला असे. चहा कपात ओतेपर्यंत धीर नाही म्हणून पातेल्याकडे पाहत उभा. तोंडात एकच वाक्य: "चल चल, गाडी सुटंल!" देवळात निघाले तरी तेच. दळण आणायला निघाले तरी तेच. पिठाच्या गिरणीला कोणती गाडी लागते, हे मी त्यांना एकदा विचारले होते. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, सवय हाय."

मला ते मास्तरीणबाई म्हणतात. मुलींच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवल्यावर दुसरे काय म्हणणार?

अप्पा घराबाहेर पडले की पुढे अप्पा, आणि चार पावले मागे पिशवी घेतलेली कौसल्या. आपल्याकडे जुनी जोडपी अशीच चालतात. तुमचे आजोबाही असेच चालत. फरक एवढाच की मी इंग्रजी शिकलेली होते, म्हणून मागून कुरकुर करत असे. कौसल्या कुरकुरत नसे. अप्पा मागे न बघता बोलत जात आणि ती मागून "हं" म्हणत जाई. पिशवी हवी असली, पाणी हवे असले, की अप्पा नुसता हात मागे करीत. हातात ती वस्तू येत असे.

तर एका वर्षी भाऊबीजेला ही दोघे पिंगळीला निघाली. पिंगळी हे कौसल्याचे माहेर. स्टेशनातून बाहेर पडले की लगेच तिच्या भावाचे घर. सेलूच्या फलाटावर गाडी आली, अप्पा गर्दीत घुसले, जागा धरली आणि बोलू लागले. गर्दीत बायका मागच्या बाकावर असतात, ती तिथे असणार हे त्यांनी धरलेच होते. पीकपाणी झाले, मेव्हण्याच्या गुडघ्याची चौकशी झाली, पुतण्यांना शिव्या घालून झाल्या. मग त्यांनी हात मागे केला. हातात पाण्याची बाटली आली. अप्पा प्यायले आणि खेकसले, "पानी गरम कामून हाय?"

मागून अनोळखी आवाज आला, "मामा, फुकटचं पानी गरमच आसतंय. बाटली द्या हिकडं."

अप्पांनी वळून पाहिले. तोवर मानवत रोड स्टेशन आले होते. आणि कौसल्या सेलूच्या फलाटावर, पिवळ्या पट्टीशी, हातात ओवाळणीची पिशवी घेऊन उभी होती.

बायकोला फलाटावर विसरणारे अप्पा! ही गोष्ट गल्लीत कित्येक दिवस पुरली. रफिकभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला सामानाबरोबर ती बांधून देत. आम्ही सगळेच हसलो. अप्पा मात्र त्यानंतर "गाडी सुटंल" म्हणाल्याचे मला आठवत नाही.

कारण कौसल्या विसरली गेली नव्हती, की मागे रेंगाळली नव्हती. तिचे पाय जागेवरून हललेच नव्हते. परभणीच्या डॉक्टरांनी त्याला कंपवात असे नाव दिले. हात थरथरतात, ते सगळ्यांना दिसते. पाय अडतात, ते दिसत नाही. घराचा उंबरा आला, फरशीचा रंग बदलला, जमिनीवर नुसती रेघ आली, की पाऊल जागच्या जागी थांबते. तिने मला एकदा समजावून सांगितले. "ताई, पाऊस पडल्यावर काळं रान कसं पाय धरून ठेवतं बघा. तशी ही फरशी धरायली मला."

हळूहळू तिचा चेहराही स्थिर झाला. आनंद, राग, कंटाळा, सगळ्याला एकच चेहरा. तिने बाहेर जाणे सोडले. वर्ष होत आले. पिंगळीचा भाऊ तिच्याहून मोठा, गुडघ्यांनी घरात बसलेला, तोही येऊ शकेना. कौसल्या काही मागणारी बाई नाही. पण पोळ्याच्या सुमारास ती म्हणाली, "औंदाच्या भाऊबीजेला मला पिंगळीला न्या. फुडल्या साली दादा आसंल का, आन् मी चालंन का, कुनाला ठाव?"

मी अप्पांना सोपा उपाय सांगितला. पुतण्याची मोटार आहे, तिच्यात घालून न्या. अप्पांनी मान हलवली.

"न्हाई. जिथं सोडली तिथूनच नेनार."

"अहो अप्पा, फलाटावर गर्दी असते. तिला दोन खोल्या चालवत नाहीत."

"आजून दिवाळी लांब हाय," अप्पा म्हणाले. "आन् आपल्याला कुठं गाडी धरायचीय?"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकले. त्यानंतर ते रोज ऐकत आले आहे.

त्यांची मुलगी मीरा पुण्याला असते. तिने कुठून तरी ऐकले की परदेशात अशा रुग्णांना हा नाच शिकवतात. नुसते "चाल" म्हटले की जो पाय ऐकत नाही, तो कधी कधी तालाचे ऐकतो, समोरच्या माणसाच्या छातीच्या हेलकाव्याचे ऐकतो. तिने व्हिडिओ पाठवले. ते सगळे इंग्रजीत. मग अप्पा एका दुपारी मोबाईल हातावर प्रसादासारखा धरून माझ्या दारात उभे राहिले.

मुलांनो, मी दुपारी झोपते हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. माझे गुडघे दुपारी माझे नसतात. तरी मी गेले. मी जन्मभर मुलींना शिकवलेल्या इंग्रजीचा शेवटचा उपयोग हा होईल, असे कधी वाटले नव्हते.

अप्पांच्या घरामागच्या अंगणात, कंपाउंडच्या आड, आमचा वर्ग भरू लागला. कौसल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची. मी व्हिडिओ थांबवून थांबवून मराठीत सांगायची.

"मास्तरीणबाई, काय म्हनायली ती बाई?"

"ती म्हणते, सुरुवात मिठीपासून होते."

अप्पांनी फाटकाकडे पाहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "दुसरा शब्द न्हाई का?"

"आलिंगन."

"त्ये तर त्याहून वाईट. फुडं चला."

पुढे जायला कोणीतरी जोडीला हवे होते. कौसल्याला थेट घेणार नाही, असे अप्पांनी ठरवले होते. "मी पडलो तर तिला घेऊन पडंन. आधी माझी मोडतोड तुमच्यावर होऊ द्या." त्यामुळे वयाच्या या टप्प्यावर, एका गुडघ्याला पट्टा बांधून, मी टँगोत उतरले. आब राहावा म्हणून आमच्या दोघांच्या मध्ये एक उशी धरली. तिच्या अभ्र्यावर कौसल्याने फार पूर्वी भरलेले दोन पोपट होते, चोचीला चोच लावलेले. एका बाजूने मी उशी दाबायची, दुसऱ्या बाजूने अप्पा. पोपटांचे हाल झाले.

इथे एक अडचण निघाली. या नाचात पुरुष पुढे चालतो आणि बाई पाठमोरी मागे मागे जाते. अप्पांनी पहिल्या दिवसापासून बाईचा भाग उचलला. ते मागे जायचे आणि मी पुरुष होऊन पुढे. मला वाटले, पडद्यावर समोरून दिसते म्हणून त्यांचा गोंधळ झाला असेल. मी व्हिडिओ थांबवला. फूटपट्टीने दाखवले.

"हा पुरुष. हा पुढे चालतो आहे. तुम्ही पुरुष आहात."

"हाव की," अप्पा म्हणाले.

"मग पुढे चाला."

"बरं," असे म्हणून ते पुन्हा मागे निघाले.

हे किती दुपारी चालले ते सांगून उपयोग नाही. मी रागावले, फळ्यावर काढावे तसे अंगणात खडूने पायांचे ठसे काढले. ते ठसे अप्पांनी कौतुकाने पाहिले आणि त्यांच्यावरून उलटे चालून गेले. वर्गात एकच चूक पुन्हा पुन्हा करणारी मुलगी मला चेहऱ्यावरून ओळखू येत असे. अप्पांच्या चेहऱ्यावर ते बावचळलेपण नव्हते. पण दुपारची वेळ, डोक्यावर ऊन, मी खोलात गेले नाही. मी दमले होते. मी हल्ली बहुतेक वेळा दमलेलीच असते.

अप्पा पडले मात्र पुष्कळदा. तुळशीकुंडीवर, बादलीवर, आणि एकदा धोतरात पाय अडकून सरळ मागे. तो दिवस लक्षात राहिला, कारण त्या दिवशी मी कौसल्याकडे पाहिले. चेहरा तसाच, लाकडासारखा. पण खांदे गदगद हलत होते. मला वाटले कंप वाढला. जवळ गेले तर ती हसत होती. चेहऱ्याने साथ सोडली म्हणून खांद्यांनी हसत होती.

अप्पा जमिनीवरूनच म्हणाले, "हासली का? मग आजून एकदा पडतो."

गल्लीतली सकाळची उलटी फेरी त्यानंतर सुरू झाली. वळून न बघता, पायांनी जमीन ओळखता यायला हवी, असे त्यांचे म्हणणे होते. "बैलजोडीत एक बैल दमला की दुसऱ्यानं पाऊल आखडावं लागतं. त्ये त्याला न सांगता. सांगितलं की दमलेला बैल बसतोच."

शेवटी कौसल्याची पाळी आली. अप्पा तिच्यासमोर उभे राहिले आणि नव्या नवऱ्यासारखे लाजले. मला म्हणाले, "उशी द्या हिकडं."

कौसल्या म्हणाली, "अवं, उशी कशाला? मी काय मास्तरीन हाय?"

मी उशी घेऊन बाजूला झाले. सर्दी झालेली पेटी सुरू केली. अप्पांनी तिचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर ठेवले आणि नुसते डुलत राहिले, इकडून तिकडे, इकडून तिकडे. मग ते अर्धे पाऊल मागे सरले. तिचे पाऊल त्यांच्या मागोमाग उचलले गेले. त्या दिवशी ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि अडली. पुढचे काही आठवडे उंबऱ्याशीच गेले. मग एका दुपारी, मी मोबाईलची बॅटरी किती उरली ते बघत असताना, ती उंबऱ्याच्या पलीकडे उभी होती. उंबरा ओलांडतानाचे मला दिसलेच नाही.

अशी भाऊबीज आली. मी स्टेशनापर्यंत सोबत गेले. माझ्याकडे दोन कामे होती. ओवाळणीची पिशवी सांभाळायची आणि बाजा लावायचा. आम्ही गाडीच्या फार आधी फलाटावर पोहोचलो. कापसाचा हंगाम सुरू झालेला, जिनिंगकडून उडालेले पुंजके फलाटावर लोळत होते. दिवाळीची गर्दी होती. त्या गर्दीत एक धोतरवाला म्हातारा पाठमोरा चालला होता, त्याच्या खांद्यांना धरून त्याची बायको पुढे येत होती, आणि मागून एक चष्मेवाली म्हातारी परदेशी संगीत वाजवत चालली होती.

भुईमुगाच्या शेंगा विकणारी बाई ओरडली, "आजोबा, फलाटावर लगीन लावायलेत का?"

"लगीन मागंच लागलंय," अप्पा मान न वळवता म्हणाले. "ही वरात हाय."

पिवळ्या पट्टीशी कौसल्या थांबली. तीच पट्टी, जवळपास तीच जागा. तिच्या बोटांनी अप्पांचा सदरा घट्ट धरलेला मला दिसला. तेवढ्यात गाडी आली. लोक धावले, पिशव्या आमच्या अंगावर आपटल्या. अप्पा जागेवर डुलत होते, इकडून तिकडे.

"अप्पा, गाडी!" मी ओरडले.

गाडी त्यांच्या पाठीशी होती. त्यांनी वळून पाहिले नाही. ते कौसल्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"गाडी सुटेल, अप्पा!"

"सुटू द्या. आपल्याला कुठं गाडी धरायचीय?"

आणि गाडी सुटली. ज्या माणसाने जन्मात गाडी चुकवली नव्हती, त्याच्या पाठीमागून डब्यामागून डबा निघून गेला. फलाट रिकामा झाला. मग, आता कसलीच घाई उरली नाही हे पायांना कळल्यासारखे, कौसल्याचे पाऊल पट्टीवरून पलीकडे पडले.

मग तिला हळूहळू मागे आणून आम्ही बाकावर टेकलो. माझे पाय ठणकत होते आणि मला राग आला होता. मी म्हणाले, "अप्पा, पहिल्या दिवसापासून सांगते आहे, पुरुषाने पुढे चालायचे असते. तुमचे तोंड गाडीकडे असते तर वेळेत नेली असतीत तिला."

अप्पांनी टोपी नीट केली.

"मला म्हाईत हाय, मास्तरीणबाई, कुनी फुडं चालायचं त्ये. जलमभर तेच केलं की. मी फुडं, ही मागं. पाठीला डोळे नसत्यात. हिचा पाय कवा वढायला लागला, कवा अडायला लागला, काय कळलं न्हाई. ही मागं मागं पडायली आन् मी म्हनायलो, चल, गाडी सुटंल." त्यांनी तिच्या पदराला चिकटलेला कापूस काढला. "लय मागं चालून झालं हिचं. आता ही फुडं. पाऊल अडायच्या आधी मला हिच्या तोंडावर दिसतंय."

मी कौसल्याच्या तोंडाकडे पाहिले. मला काहीच दिसले नाही. तोच लाकडी चेहरा.

कौसल्या म्हणाली, "ताई, मला ह्यांची पाठ तेवढी ठाव होती. मोंढ्याच्या बाजारात, गर्दीत पाठीवरनं हुडकून काढायची. तोंड आता बघायले." मग थोडा दम घेऊन, "लय म्हातारं झालंय वो."

तिचे खांदे हलू लागले. अप्पांचेही.

पुढची पॅसेंजर उशिरा आली. डब्याच्या पायऱ्या मात्र कोणत्याच टँगोत नाहीत. तिथे माहेरीच निघालेल्या दोन सासुरवाशिणींनी "या मावशी" म्हणत कौसल्याला अलगद वर घेतले. मी ओवाळणीची पिशवी खिडकीतून आत दिली. मला घरी जाऊन पडायचे होते, तरी मी गाडी हलेपर्यंत थांबले.

खिडकीशी, जिकडे गाडी जाणार तिकडे तोंड करून, त्यांनी कौसल्याला बसवले होते. शेजारची जागा रिकामी होती. अप्पा तिथे बसले नाहीत. ते तिच्या समोरच्या बाकावर, गुडघ्याला गुडघा लावून बसले. गाडी हलली, आणि अप्पा पाठमोरेच पिंगळीला निघाले.